ओठ जागा ठेवून

मारेगावात माझा दातांचा दवाखाना सुरू होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. एप्रिल संपत आला होता. सकाळी कुलरमध्ये भरलेलं पाणी दुपारच्या आत आटून जायचं आणि मग नुसता पंखा गरम हवा फेकत राहायचा. अशाच एका सकाळी चाची चाचांना घेऊन आल्या. घेऊन आल्या म्हणजे दंडाला धरून आणलं.

चाचा म्हणजे आमच्या गावातल्या बँडचे मास्तर. ट्रम्पेट वाजवायचे. बुद्ध पौर्णिमेला आमच्या विहारापासून निघणाऱ्या मिरवणुकीत त्यांचाच बँड असायचा, आणि माझ्या लग्नातही तेच वाजवायला होते. सारं गाव त्यांना मास्तर म्हणे. आमच्या मागच्या गल्लीतच त्यांचं घर, त्यामुळे मी लहानपणापासून चाचा म्हणायचे. साठी ओलांडली होती. दाढीला मेंदी लावायचे. वरच्या ओठाच्या मधोमध, माऊथपीस टेकून टेकून, एक गोल वण पडला होता.

"बघ बेटा यायले," चाची म्हणाल्या. "महिना झाला, जेवून नाई राह्यले धड. थंडं पाणी पेलं का भिंतीले डोकं लावून बसते."

मी चाचांना खुर्चीवर बसवलं, दिवा लावला. वरचा पुढचा उजवा दात कोपऱ्यातून उडाला होता. उडालेल्या जागी आत गुलाबी ठिपका दिसत होता. म्हणजे दाताची नस जवळजवळ उघडी पडलेली.

झालं असं होतं की एका वरातीत नवरदेवाचा कोणी मित्र नाचता नाचता मागे सरकला आणि त्याचं कोपर ट्रम्पेटच्या तोंडावर बसलं. माऊथपीस थेट दातावर आदळला. चाचांनी रक्त थुंकलं, रुमालानं ओठ पुसला आणि वरात मांडवापर्यंत पोहोचवली. त्याला आता महिना झाला होता. या महिन्यात ते लवंगेचं तेल लावून रोज वाजवत होते.

मी सांगितलं, "चाचा, नस काढावी लागेल. दात वाचते. आधी दात बधिर करते, मग काहीच दुखणार नाही."

तेवढं ऐकलं आणि ते खुर्चीवरून उठायलाच लागले.

"इंजेक्शन नाई, बेटा."

"इतके मोठे झाले अन् सुईले भेता?" चाची म्हणाल्या.

"सुईले कोण भेते?" ते चिडले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मले ओठाची भीती हाय."

चाचींना त्यांनी बाहेर बसायला सांगितलं. मग मला जे सांगितलं ते त्यांनी घरीही कधी सांगितलं नसावं. बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी त्यांनी वरचा सुळा काढून घेतला होता. दुपारी इंजेक्शन घेतलं आणि संध्याकाळी झरी जामणीकडच्या एका खेड्यात वरात होती. त्यांना वाटलं, दात तर निघाला, आता काय अडचण? पण ओठ परत आलाच नव्हता. माऊथपीस लावला तर तो लागलाय की नाही हेच कळेना. बाजूनं हवा सुटायची, हनुवटीवरून लाळ गळायची आणि ट्रम्पेटमधून नुसतं फुस्स व्हायचं. लोक आधी हसले. मग नवरीचा बाप पुढं आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, मास्तर, आज जरा जास्तच घेतली वाटते.

"बेटा, मी जिंदगीत दारूले हात नाई लावला," चाचा म्हणाले. "पाच वक्ताची नमाज पढणारा माणूस मी. पण तोंड असं वाकडं झालतं का मले बोलताच नाई आलं. नाई म्हणायले गेलो तर तेही दारू पेल्यासारखंच निघालं. पोट्टे वाजवत राह्यले अन् मी गाडीत जाऊन बसलो."

मी विचारलं, "आता वराती किती आहेत?"

"रोज. जूनपर्यंत एक दिवस खाली नाई."

त्या दिवशी मी इंजेक्शन न देता दाताच्या उघड्या जागेवर औषधी लेप बसवला, दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या आणि सोमवारी या म्हणून सांगितलं. लेप किती दिवस टिकणार हे मला माहीत होतं. फार तर आठवडा.

वरच्या पुढच्या दातांना बधिर करणं हे आमच्या कामातलं सगळ्यात सोपं काम समजलं जातं. ओठ वर उचलायचा, ओठ आणि हिरडी जिथे मिळतात त्या खोबणीत सुई टोचायची, दाताच्या मुळाच्या टोकापाशी औषध सोडायचं. तिथलं हाड पातळ असतं, औषध झिरपतं, तीन-चार मिनिटांत दात झोपतो. पण त्याच जागेतून ओठाकडे जाणाऱ्या बारीक नसाही असतात. त्याही झोपतात, आणि दाताच्या नंतरही बराच वेळ झोपून राहतात. हजार रोग्यांना त्याचं काही वाटत नाही. दोन-तीन तास ओठ जाड वाटतो, चहा सांडतो, घरची पोरं हसतात आणि विषय संपतो.

दुसरी एक वाट होती. नागपूरला शिकत असताना आमच्या सरांनी एकदाच दाखवली होती. पुढच्या दोन दातांच्या अगदी मागे, टाळूवर एक लहानसा फुगीर मांसल ठिपका असतो. जीभ लावली की कुणालाही जाणवतो. त्याच्या खाली हाडात एक बोगदा आहे. तिथून अतिशय सावकाश औषध सोडलं तर पुढचे दात आतल्या बाजूनं बधिर होतात आणि ओठ जागा राहतो. सावकाश म्हणजे किती, तर सरांनी पूर्ण औषध द्यायला तीन मिनिटांच्या वर लावली होती. आम्ही मागे उभे राहून चुळबुळत होतो.

अडचण अशी की टाळूवरचं इंजेक्शन हे तोंडातलं सगळ्यात दुखरं. तिथली कातडी हाडाला घट्ट चिकटलेली, औषधाला फुगायला जागाच नाही. दात काढताना टाळूला थोडं औषध द्यावंच लागतं आणि ते मी रोज देत होते. "दहा सेकंद सहन करा" असं म्हणायचं आणि पटकन द्यायचं. एकदा बाभुळगावहून आलेल्या एका बाईनं त्या दहा सेकंदांत माझं मनगट असं धरलं होतं की तिच्या बांगडीचा ठसा उमटला. मी तेव्हाही मनात म्हटलं होतं, किती नाजूक आहे ही.

चाचांना हे इंजेक्शन द्यायचं तर ते नेमकं कसं लागतं हे मला माहीत असायला हवं होतं. मला माहीत नव्हतं. माझ्या स्वतःच्या टाळूला कधी सुई लागलेलीच नव्हती.

रविवारी सकाळच्या एसटीनं मी यवतमाळला गेले. माझी कॉलेजमधली मैत्रीण तिथे दवाखाना चालवते. तिनं सुट्टीचा पोहे-चहाचा बेत केला होता. मी म्हटलं, आधी काम, मग पोहे. माझ्याच टाळूला ते इंजेक्शन दे, असं सांगितलं.

"काहून? तुझा दात दुखते का?"

"नाही."

"मग कायले घेतेस? पागल झालीस का?"

मी चाचांची गोष्ट सांगितली. ती ऐकून मैत्रीण हात धुवायला गेली.

मी तिच्या खुर्चीवर आडवी झाले. रोग्याच्या खुर्चीवरून छत कसं दिसतं हे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिच्या छतावर पावसाच्या ओलीचा एक डाग होता. तिनं हिरडी बधिर करायचं मलम लावलं, थोडं थांबली आणि सवयीनं, आपण रोज देतो त्या वेगानं, सुरू केलं.

मला वाटलं कुणीतरी कपाळाच्या आतून खिळा ठोकतंय. डोळ्यांतून पाणी कानात उतरलं. मी हात वर केला. ती थांबली.

"सॉरी," ती म्हणाली.

बोलता येत नव्हतं म्हणून मी नुसता हात हलवला. पण मनात ती बाभुळगावची बाई आली. तिच्यासारख्या सहा वर्षांतल्या सगळ्या बाया, माणसं, म्हातारे एकामागून एक आले. त्यांना मी दहा सेकंद मोजायला लावले होते, आणि ते दहा सेकंद माझ्या सोयीचे होते.

थोड्या वेळानं आम्ही पुन्हा केलं. या वेळी तिनं आधी कापसाच्या बोळ्यानं तो ठिपका दाबून धरला, दाबता दाबता बाजूनं सुईचं टोक जेमतेम टेकवलं आणि एक थेंब सोडला. थांबली. आणखी एक थेंब. पुढचा भाग बधिर झाला की मगच सुई केसभर पुढे. मला दाब जाणवत होता, एक विचित्र भरल्यासारखं वाटत होतं, पण दुखणं म्हणावं असं काही नव्हतं. ती घड्याळाकडे पाहत होती आणि तिच्या हाताला कापरं सुटायला लागलं होतं. इतक्या सावकाश सिरिंजचा दांडा दाबणं हे हाताला फार जड जातं.

मग मी उठून बसले. पुढचे दात नखानं वाजवून पाहिले, दुसऱ्याचे वाटले. ओठ मात्र माझाच होता. मैत्रिणीनं त्याला टोकदार हत्यार लावलं, मी ओरडले. शिट्टी वाजवून पाहिली. मला शिट्टी येतच नाही, ती त्या दिवशीही आली नाही. पण चहा प्यायले आणि एक थेंब सांडला नाही. दातांना जाग यायला तासभर लागला. तोवर आम्ही पोहे संपवले.

सोमवारी चाचा-चाची दहा वाजता हजर. चाचांच्या हातात ट्रम्पेटची पेटी होती. चार वाजता दवाखान्यासमोरच जीप येणार होती, बँड तिथूनच पुढे जाणार होता.

मी सगळं सांगितलं. टाळूला सुई, सावकाश, ओठ जागा राहील. आणि हेही सांगितलं की नस सुजलेली असली की हे इंजेक्शन कधी कधी पुरं पडत नाही.

"तू कोणाले देल्लं हाय का आधी?"

"नाही. पण काल मी स्वतः घेऊन आले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझा बी दात दुखत होता का?"

"नाही, चाचा."

टोपी काढून चाचींच्या हातात दिली आणि मागे टेकले.

माझ्याकडे मदतीला ज्या मावशी होत्या त्यांनी चाचांच्या छातीवर रुमाल बांधला. मी चाचांना सांगितलं, डावा हात वर केला की मी थांबेन, कितीही वेळा करा. मलम लावलं, बोळा दाबला, पहिला थेंब सोडला. पुढे काय जाणवणार ते आधीच सांगत गेले. आता दाब वाटेल. आता जरा जड वाटेल. मावशी हळू आवाजात घड्याळ वाचून दाखवत होत्या. चाचांच्या पायाची बोटं चपलेत आवळलेली होती, ती दुसऱ्या मिनिटानंतर सुटली. हात एकदाही वर आला नाही. माझ्या पाठीवरून मात्र घाम वाहत होता.

सुई काढली तसं त्यांनी ओठाला बोट लावलं. मग दोन्ही ओठ घट्ट मिटून त्यातून जोरात हवा सोडली. 'बर्रर्र' असा आवाज झाला. मावशी दचकल्या. वाजवणारी माणसं ओठ तयार करायला असं करतात हे मलाही तेव्हाच कळलं.

"हाय," चाचा म्हणाले. "ओठ हाय."

मी दात उघडायला घेतला. वरचा थर शांतपणे गेला. पण नसेजवळ पोचले आणि डावा हात झटकन वर आला. डोळे मिटलेले, कपाळावर आठ्या. मी थांबले. पाच मिनिटांनी पुन्हा पाहिलं. पुन्हा हात वर.

मी खुर्ची सरळ केली आणि खरं ते सांगितलं. "चाचा, आता दोन रस्ते आहेत. ओठाजवळचं नेहमीचं इंजेक्शन दिलं तर दात नक्की बधिर होते, पण आजची वरात गेली. दुसरं, दाताला जे छिद्र पडलं आहे त्यातूनच थेट नसेत औषध सोडायचं. ओठाला काही होत नाही. पण ते एक क्षण भल्लं दुखते. भल्लंच. मग लगेच सगळं थांबते."

"किती वेळ?"

"एक, दोन म्हणेपर्यंत."

यावेळी मी दहा सेकंद म्हटलं नाही. खरंच एक-दोन म्हणण्याइतकंच होतं.

त्यांनी एक बोट वर केलं. आधी मला कळलं नाही. मग ते म्हणाले, "एक म्हणतपर्यंत कर. दोन नको."

चाची दाराशी उभ्या होत्या, त्या तोंड फिरवून बाहेर गेल्या. मी सुई आत घातली, दाबली. चाचांचं अख्खं अंग खुर्चीवरून उचललं गेलं आणि घशातून एक आवाज निघाला. आणि संपलं. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. त्यानंतरच्या अर्ध्या तासात मी नस काढली, आत औषध भरलं, वरून तात्पुरतं सिमेंट लावलं. हात पुन्हा वर आला नाही.

उठल्याबरोबर त्यांना वाजवून पाहायचं होतं. मी म्हटलं, आज जोर लावायचा नाही, उंच सूर नाहीत, माऊथपीस दाबून धरायचा नाही, जड काम दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याला द्या. ते हो हो म्हणत मागच्या मोकळ्या जागेत गेले. बाहेर बाकावर बसलेले रोगी माना वळवून पाहायला लागले. चाचांनी खालचा एक लांब सूर काढला. मग तो थोडा वर नेला आणि परत खाली आणला. कुठेही फुस्स झालं नाही. बाकावरचा एक पोऱ्या टाळ्या वाजवायला लागला, त्याच्या आईनं त्याला दटावलं, दवाखाना आहे म्हणून.

"हवा बंद हाय, बाजूनं सुटत नाई," चाचा मला म्हणाले. मग त्यांनी ट्रम्पेट पेटीत ठेवून झाकण लावलं.

आठवड्यानं ते पुढच्या कामासाठी आले तेव्हा मी आधी वरातीचंच विचारलं. वाटलं होतं, खुश असतील. ते खुर्चीवर बसले, बोटं एकमेकांत अडकवली.

"तू सांगतलं तसं केलं. वरचे सूर त्या दुसऱ्याले देल्ले. मी खालचेच वाजवले. मांडवापर्यंत गेलो. कोणी हसलं नाई, कोणी काई बोललं नाई."

"मग बरं झालं ना."

"बरं झालं," ते म्हणाले. "पण बेटा, कोणाले फरकच नाई समजला. मी वाजवो का तो वाजवो. चाळीस वर्षं मले वाटत होतं, माझ्याबगर वरात निघणार नाई."

मी म्हटलं, "मला समजला असता, चाचा." ते हसले. खोटं बोलते आहे हे त्यांना कळलं, पण आवडलं असावं.

त्या मोसमात उरलेल्या वराती त्यांनी तशाच केल्या. उंच सूर त्या दुसऱ्याचे, खालचे यांचे. दात शांत झाल्यावरही त्यांनी ते काम परत मागून घेतलं नाही. दोन गाण्यांच्या मध्ये आता पाणी प्यायले वेळ भेटते, असं मला सांगितलं.

जूनमध्ये दातावर टोपी, म्हणजे कॅप, बसवायची होती. त्या दिवशी ट्रम्पेट आणा असं मीच सांगितलं. पहिली टोपी बसवली, त्यांनी सूर काढला आणि नाही म्हणून मान हलवली. दात माऊथपीसला मध्येच लागत होता. आरशात पाहिलं तर दोन्ही दात अगदी सारखे दिसत होते. मी टोपी लॅबकडे परत पाठवली, अर्ध्या केसाएवढी बारीक करून आणली. दुसऱ्या खेपेला त्यांनी सूर काढला, डोळे मिटले, पुन्हा काढला, आणि ट्रम्पेट मांडीवर ठेवून म्हणाले, "लाव पक्की."

टोपी पक्की करून मी हात धुवत होते. चाचा बाहेर जाऊन बसले होते. चाची मात्र आतच उभ्या राहिल्या. त्या प्रत्येक खेपेला सोबत आल्या होत्या, चाचांच्या डोक्यावरची टोपी सांभाळली होती, पाण्याची बाटली धरली होती. आता त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि दाराकडे पाहत म्हणाल्या, "बेटा, मायी बी एक दाढ पाहतेस का? जरा पटकन. यायले सांगू नको."

खालची डावी दाढ होती. वरचा भाग किडून पुरता गेला होता, मुळं तेवढी उरलेली, आजूबाजूची हिरडी लाल. मी विचारलं, कधीपासून.

"दोन वर्षं झाले असन. एका बाजूनंच चावतो मी."

"आणि सांगितलं नाही?"

"कवा सांगू? एकदा बँड चालू असते, नाईतर बँड बंद असते."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. ही दाढ वाचणार नव्हती, काढावी लागणार होती, आणि खालच्या दाढेसाठी तसली ओठ वाचवणारी वाट नसते. खालचा ओठ, अर्धी जीभ, सगळंच दोन-तीन तास जड राहणार. मी तसं सांगितलं.

"होऊ दे," चाची म्हणाल्या. "मले कुठं बाजा वाजवायचा हाय?"

मग पदर सारखा करून त्यांनी तोंड उघडलं. मावशींनी त्यांचा हात हातात घेतला. मी सुई भरली आणि चाचांना जितका वेळ दिला होता तितकाच त्यांनाही द्यायचा, हे ठरवून पहिला थेंब सोडला.

बाहेरून चाचांनी दोनदा हाक मारली, चलायचं का म्हणून. आम्ही तिघींपैकी कुणीच उत्तर दिलं नाही.